तुटक हिरवी रेघ

चेशम स्टेशनात गाडी थांबते तेव्हा तिच्यापुढे रूळच उरलेले नसतात. लंडनच्या भुयारी रेल्वेचं हे वायव्येकडचं टोक, शहराच्या मध्यापासून सुमारे २५ मैलांवर. नाव भुयारी असलं तरी गाडी इथवर येते ती उघड्यावरून. आधीच्या स्टेशनापासून चेशमपर्यंत सव्वासहा किलोमीटरचा एकेरी रूळ आहे. लगतच्या दोन स्टेशनांमध्ये एवढं अंतर या अख्ख्या जाळ्यात दुसरीकडे कुठे नाही. त्या सव्वासहा किलोमीटरांत खिडकीबाहेर फक्त शेतं, कुंपणं, मेंढ्या आणि झाडी. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि लक्षात आलं की पाच महिन्यांत माझ्या पायाखाली माती आलेली नाही.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली. एका वर्षाच्या मास्टर्ससाठी सप्टेंबरात लंडनला आले. पूर्व लंडनमधल्या एका घरात पाचजणांत मिळून एक स्वयंपाकघर आणि मला एक खोली. खोलीच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर विटांची भिंत. महिन्याच्या पैशांतला निम्म्याहून अधिक वाटा त्या खोलीवर जायचा. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला वीस तासच काम करता येतं, ते मी एका दुकानात करायचे. उरलेला वेळ ग्रंथालयात. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. वर्गातून बाहेर पडावं तर अंधार, खोलीवर यावं तर भिंत. तब्येतीची तक्रार काही नव्हती, पण जेवण गोड लागेना आणि आईशी फोनवर बोलताना मध्येच गळा दाटून यायचा.

ग्रंथालयाच्या काउंटरवर एक वयस्क बाई बसत. रोज रात्री उशिरा पुस्तकं परत करणारी ही मुलगी दिवसा कुठेच जात नाही, हे त्यांनी हेरलं असावं. एका शुक्रवारी त्यांनी नारिंगी वेष्टनाचा, घडी घातलेला एक नकाशा माझ्यापुढे ठेवला. उद्या चेशमला जा, नदीच्या कडेने चाल आणि सोमवारी हा परत आण, एवढंच म्हणाल्या. तो नकाशा ‘ऑर्डनन्स सर्व्हे’चा होता.

गाडीत बसून मी तो मांडीवर उलगडला. चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. प्रत्येक शेताचं कुंपण, प्रत्येक विहीर, चर्च, टेकडीची उंची दाखवणाऱ्या रेषा. आणि या सगळ्यावरून, शेतांच्या मधोमध, कोणाच्या गोठ्यामागून, कोणाच्या अंगणाला लागून गेलेल्या तुटक हिरव्या रेघा. आखूड तुकड्यांची रेघ म्हणजे फक्त पायी जाण्याची वाट, लांब तुकड्यांची म्हणजे घोडा आणि सायकलही चालेल अशी. जमीन कोणाचीही असो, त्या रेघेवरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा भरतात सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर.

ती रेघ पाहून मला आमच्या तलाठ्याच्या कपाटातला गाव नकाशा आठवला. आपल्याकडेही एका तुटक रेषेने पायवाट दाखवतात आणि दोन समांतर तुटक रेषांनी गाडीवाट. हे साम्य योगायोगाचं नाही. ऑर्डनन्स सर्व्हेची सुरुवात १७९१ ची, फ्रेंच चालून येतील या धास्तीतून झालेली. १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळ हिंदुस्थानच्या मोजणीची पायारेषा आखली. पुढे १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात शेतसाऱ्यासाठी नवी मोजणी लावली. ज्या शंकू साखळीने आपली गावं मोजली ती ३३ फुटांची, इंग्रजांच्या गंटर साखळीच्या बरोबर निम्मी. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो आपला गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे त्यांचा एकर. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबीही तीच गंटरची एक साखळी. एकाच राज्याच्या मोजणीदारांनी दोन्हीकडे रेघा ओढल्या. त्या रेघांचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि वर्षभर सुटला नाही.

चेस ही काही मोठी नदी नव्हे. आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील. पण पाणी असं की तळातली गारगोटी मोजून घ्यावी. चेशमपासून रिकमन्सवर्थपर्यंत तिच्या काठाने दहा मैलांची वाट जाते. वाटेत लॅटिमर, मग सॅरट. मी साध्या कापडी बुटांत निघाले होते आणि अर्ध्या तासात ते चिखलाने जड झाले. वाटेवर प्रत्येक शेताच्या तोंडाशी काहीतरी ओलांडावं लागे. कुठे कुंपणावरून चढून उतरायला लाकडी पायरी, तिला तिकडे ‘स्टाइल’ म्हणतात. कुठे अर्धगोल कुंपणात झुलणारं एकपाखी फाटक. माणूस अंग चोरून पलीकडे जातो, गाय जाऊ शकत नाही. खांबावर हाताच्या पंज्याएवढी गोल चकती आणि तिच्यावर पिवळा बाण. पिवळा पायवाटेचा, निळा घोडवाटेचा.

एका ठिकाणी बाण थेट उभ्या गव्हाकडे वळला होता. वीतभर उंचीचा हिवाळी गहू, आणि त्यातून तिरपी गेलेली पावलांची पट्टी. मी कुंपणाशीच थांबले. दुसऱ्याच्या पिकात पाय घालायचा नाही, हे आम्हाला चालायला येण्याआधी शिकवलेलं असतं. मी बांधाबांधाने वळसा घालावा म्हणून निघाले, तेवढ्यात पलीकडून एक शेतकरी कुत्र्यासह आला. त्याने हाताने मधली पट्टी दाखवली. वाट मधून आहे, कडेने नाही, कडेचं गवत पक्ष्यांसाठी राखलंय, असं तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, फार मायाही नव्हती. एखाद्याने आपल्याला बसथांबा दाखवावा तसं त्याने सांगितलं. मी त्याच्या गव्हातून चालत गेले.

मागाहून कायदा वाचला. शेताच्या मधून वाट जात असेल तर शेतकऱ्याला ती नांगरता येते. मात्र पेरणीसाठी पहिल्यांदा माती हलवल्यापासून १४ दिवसांत त्याने ती पुन्हा चालण्याजोगी करून, निदान मीटरभर रुंद आखून द्यायची. त्यानंतर पुन्हा कुळवली तर २४ तासांत. शेताच्या कडेची वाट तर नांगरायचीच नाही. १९८० च्या ‘हायवेज ॲक्ट’मध्ये हे लिहिलेलं आहे. आपण ज्याला हायवे म्हणतो तो सहापदरी रस्ता आणि ही गव्हातली मीटरभर पट्टी कायद्याच्या नजरेत एकाच जातीची.

त्या रात्री मी गावी आबांना, माझ्या वडिलांना, फोन केला.

“नांगरल्यावर परत वाट कोण करतं गं?”

“ज्यानं नांगरली त्यानंच.”

“आन न्हाई केली तर?”

“तक्रार करायची. काउंटी कौन्सिल येऊन करून घेतं, खर्च त्याच्याकडून.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाले, “त्यो शेतकरी तुला काय बोलला न्हाई?”

आबांच्या त्या शांततेमागे सहा वर्षं होती. आमची विहीर गावापासून पाऊण मैलावर, आणि तिथे जायला पाणंद. आजोबांच्या वेळी तिच्यातून दोन बैलगाड्या समोरासमोर येऊन सहज जात. शेजारच्या मालकाने दर वर्षी नांगराचं एकेक तास आत घेतलं. मग दोन तासं. एका खरिपात त्याने तोंडावर काटे टाकले आणि आत बाजरी पेरली. आबांनी मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दावा लावला. १९०६ चा हा कायदा वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा दूर करायचा अधिकार तहसीलदाराला देतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज यावा लागतो. आबांनी पाचव्या महिन्यात दिला. स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला, जबाब झाले, निकाल आबांच्या बाजूने लागला आणि काटे निघाले. पण ज्या घराशी लग्नकार्याचं जाणंयेणं होतं त्या घराशी बोलणं तुटलं, ते तुटलंच. महाराष्ट्रात शेतरस्त्याच्या भांडणाने किती भावक्या अशा विरल्यात, ते गावाकडच्या कोणालाही सांगायला नको. कायदा आपल्याकडेही आहे. जमीन महसूल अधिनियमाचं १४३ वं कलम बांधावरून रस्ता मागण्याचा हक्क देतं. पण आपल्याकडे तो हक्क असतो विशिष्ट शेताच्या मालकाचा, त्याच्या शेतापुरता. ज्याचं तिथे काही नाही अशा वाटसरूचा हक्क मी तिकडे पहिल्यांदा पाहिला. माझं त्या देशात काहीच नव्हतं.

त्यानंतर महिन्यातून दोन शनिवार मी बाहेर काढू लागले. पंचवीस वर्षांखालच्यांना आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांना रेल्वेचं एक ओळखपत्र मिळतं, त्यावर तिकिटात एकतृतीयांश सवलत. डबा घरूनच न्यायचा. चपातीत बटाट्याची भाजी गुंडाळली की दुपार निभते. सरेमधल्या बॉक्स हिलवर गेले. पूर्वी केंटमध्ये मोडणाऱ्या डाउन गावी गेले. तिथे चार्ल्स डार्विन १८४२ पासून मरेपर्यंत राहिला, आणि घरामागच्या खडीच्या वाटेवर रोज फेऱ्या मारत विचार करायचा. ती ‘सँडवॉक’ अजून आहे. पण मी पुन्हा पुन्हा वळायचे ती चिल्टर्न टेकड्यांकडे.

या बाजूला चालणाऱ्यांचे गट असतात. ‘रॅम्बलर्स’ ही त्यांची जुनी संघटना, १९३५ ची. नवख्याला पहिल्या काही सहली फुकट. माझ्या गटात मी सर्वांत लहान आणि एकटीच सावळी. पुढे चालणाऱ्या आजी निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या पिशवीत नेहमी छोटी झाडकात्री असे. वाटेवर काटेरी फांदी आली की त्या थांबून छाटत. खाजरी वनस्पती लागली तर शेजारीच उगवणारं रुंद ‘डॉक’चं पान चोळायचं, हे त्यांनीच दाखवलं. दुभत्या जातीचा दहा महिन्यांवरचा वळू वाट असलेल्या शेतात मोकळा सोडायला १९८१ च्या कायद्याने मनाई आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मी विचारलं, दहाच महिने का? त्या म्हणाल्या, कारण अकराव्या महिन्यात तो तुला विचारून धावत नाही.

वाट राहते ती वापराने. वीस वर्षं लोक बिनपरवानगी, उघडपणे, कोणी न अडवता एखाद्या पट्टीवरून चालत राहिले तर ती सार्वजनिक ठरू शकते. उलट एकदा ठरलेली वाट नुसती ओस पडली म्हणून कायद्यातून जात नाही. ती काटेरी झुडपाखाली बुजते, आणि मग नकाशावर नसेल तर कोणाला आठवत नाही. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावलं. गावोगावच्या परिषदांनी तो केला. कुठे मनापासून, कुठे वेळ मारून. २०२० मध्ये रॅम्बलर्सनी हजारो स्वयंसेवकांकडून जुने नकाशे आणि आजचा नकाशा घराघरांतून ताडून घेतले, तेव्हा ४९,००० मैलांच्या वाटा अधिकृत नोंदीतून गळालेल्या आढळल्या.

आणि १९४९ चा कायदाही आपसूक आलेला नाही. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे काहीशे तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या पठारावर ठरवून घुसले. ते पठार जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होतं. राखणदारांशी झटापट झाली आणि पाचजणांना तुरुंग घडला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. मोकळ्या माळावर कुठेही फिरण्याचा हक्क मात्र २००० सालच्या कायद्याने आला, आणि तोही इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के जमिनीपुरता. बाकी सगळीकडे त्या तुटक रेघेचाच आधार.

लंडन मात्र एकाएकी संपतं, याचं मला सुरुवातीला नवल वाटे. पुण्यातून कुठल्याही दिशेने निघा, शहर पातळ होत जातं पण सुटत नाही. इथे परसबागांच्या रांगा, मग शेवटचं घर आणि लगेच नांगरलेलं रान. याला कारण हरितपट्टा. झोपडवस्त्यांत काम करणाऱ्या ऑक्टेव्हिया हिल १८७० च्या दशकापासून शहरातल्या गरिबांना मोकळी हवा मिळावी म्हणून भांडत होत्या. १८९५ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ उभारणाऱ्यांत त्याही होत्या. १९३८ च्या कायद्याने लंडनभोवतीच्या जमिनी राखून ठेवायला सुरुवात झाली, दुसऱ्या महायुद्धानंतर नगररचनेच्या कायद्यांनी पट्टा पक्का केला. आज तो सुमारे पाच लाख हेक्टर आहे.

त्या पट्ट्याने मला माझे शनिवार दिले. पण माझ्या खोलीच्या भाड्यातही त्याचा हात होता, हे मी विसरू शकत नाही. घरं बांधायला जागा नाही म्हणून घरं महाग, असं म्हणणारे तिथे खूप आहेत. २०२४ च्या डिसेंबरात सरकारने पट्ट्यातल्या कमी मोलाच्या जागांना ‘ग्रे बेल्ट’ म्हणून वेगळं काढलं आणि तिथे बांधकामाची वाट सोपी केली. माझ्या घरातली नर्स दोन बस बदलून कामावर जायची. तिच्यासमोर मला गव्हाच्या पट्टीची बाजू मांडायला जीभ रेटत नव्हती. तरीही विचाराल तर मी सांगेन, तो पट्टा राहावा, आणि नर्सला शहरातच परवडणारं घर मिळावं. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं मला वाटत नाही.

रंगाचं म्हणाल तर कोणी मला कधी अपमानकारक बोललं नाही. पण एका खेड्यातल्या पबात मी शिरले की बोलणं क्षणभर थांबायचं. एका फाटकाशी एका गृहस्थाने मला विचारलं, वाट चुकलीस का? मी नकाशा उघडून बोट ठेवलं, तेव्हा ते बाजूला झाले. २०१९ मध्ये सरकारनेच नेमलेल्या एका समितीने म्हटलं की या निसर्गरम्य प्रदेशांत गोरेतर लोक फार कमी जातात, आणि ही जागा आपली नाही असं त्यांना वाटतं. हक्क कागदावर असणं आणि पायात असणं वेगळं, हे मराठी माणसाला सांगायला समितीची गरज नाही.

लंडनमधल्या माझ्या फिरण्याची सुरुवात खरं तर चेशमच्या आधी, एका घरापासून झाली होती. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतलं. १९२३ मध्ये बाबासाहेब मायदेशी परतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. प्रत्यक्षात तिथलं पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि न्यायालयाचा शेवटचा शब्द यायला १९३७. किंडर स्काउटवर चढणाऱ्या पोरांनी फिरण्यासाठी तुरुंग सोसला. महाडच्या लोकांनी पाण्याच्या घोटासाठी डोकी फोडून घेतली. या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत, आणि मी त्या एका तराजूत घालत नाही. पण किंग हेन्रीज रोडवरच्या त्या घरासमोर उभं राहून मला वाटलं, चालत जाऊन हक्क बजावायचा हे शास्त्र आपल्याला कोणी शिकवायला नको होतं.

चिल्टर्न टेकड्या खडूच्या आहेत. फळ्यावर लिहायचा तो खडू. पावसाळी दिवशी उतारावर घसरलं की हात पांढरे होतात. खडू पाऊस पिऊन टाकतो, पाणी खोल खाली झिरपत जातं आणि टेकडीच्या पायथ्याला झऱ्याने बाहेर येतं, वर्षभर जवळजवळ सारख्याच गारव्याचं. चेस नदी अशीच जन्मलेली. जगात अशा खडूच्या नद्या अगदी थोड्या, आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडमध्ये. आमच्याकडचा काळा पाषाण पाणी आत घेतच नाही, इथला खडू घेऊन तळाला लपवतो. वर राहणाऱ्याच्या घशाला कोरड दोन्हीकडे तीच.

माथ्यावर बीचची राई. एप्रिलअखेरीस, पानं पुरती फुटायच्या आत, झाडाखाली निळ्या घंटाफुलांचा थर पसरतो. जगातली जवळजवळ निम्मी ‘ब्लूबेल’ ब्रिटनमध्ये आहेत, आणि ती जिथे दाट तिथे रान बहुधा शेकडो वर्षं जुनं. याच बीचच्या लाकडातून हाय विकमच्या खुर्च्या होत. कारागीर रानातच खोपट घालून पायाने चालवायच्या चरकावर खुर्च्यांचे पाय कातत. त्यांना ‘बॉजर’ म्हणत. आणि डोक्यावर घारी. गावाकडच्या घारीपेक्षा तांबूस, शेपटी खोल दुभंगलेली. मारून मारून ही घार इंग्लंडमधून संपली होती. १९८९ ते १९९४ मध्ये स्पेनहून नव्वदएक पक्षी आणून इथे सोडले. आता एखाद्या दुपारी मान वर केली की वीस-पंचवीस दिसतात. त्यांची शीळ ऐकली की मला आमच्या खळ्यावरची उन्हं आठवायची.

जूनमध्ये मी हेन्लेला उतरून पश्चिमेकडे पाच-सहा मैल चालत स्टोक रो नावाच्या गावी गेले. गाव टेकडीवर, एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना. आणि त्या रस्त्याच्या कडेला, एका इंग्रजी खेड्यात, बारीक खांबांवर तोललेला घुमट. घुमटाखाली चाकांचं जड रहाट, आणि त्याच्यावर एक सोनेरी हत्ती.

ही बनारसच्या महाराजांची विहीर. एडवर्ड अँडरडन रीड हा या भागातला, हिंदुस्थानात वरच्या हुद्द्यावर असलेला अधिकारी. १८३१ मध्ये त्याने आझमगढकडे एका गावासाठी विहीर खोदवली होती. बोलता बोलता त्याने महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना आपल्या गावाकडची हकीकत सांगितली. उन्हाळ्यात टेकडीवरच्या लोकांना पाणी नसतं, घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून एका मुलाला त्याच्या आईने मारलं. महाराजांनी ती गोष्ट लक्षात ठेवली. रीड १८६० मध्ये परत गेला, आणि मग महाराजांचे पैसे आले. चार फूट व्यासाच्या भोकात उतरून, हाताने, माणसांनी ३६८ फूट खोदलं. लंडनच्या सेंट पॉल्सची उंची ३६५ फूट. २४ मे १८६४ ला, राणीच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली. पाणी सगळ्यांना फुकट. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली, तिचं नाव ईश्री बाग. पोहरा भरून वर यायला दहा मिनिटं लागत.

मी त्या कठड्याला टेकून खूप वेळ बसले. घुमटाच्या सावलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. १८५७ पुरतं शमलंही नसताना हिंदुस्थानातल्या एका राजाने राज्यकर्त्यांच्या गावाला विहीर बांधून दिली, याकडे लांगूलचालन म्हणून बघता येईल. काहीजण तसं बघतातही. माझं मन मात्र त्या मुलापाशीच अडकलं. उन्हाळ्यात टँकर आला नाही तर आमची आजी कळशीच्या तळचं पाणी नातवंडांत ओंजळीने वाटायची. त्या ओंजळीचा हिशेब ज्याला कळला त्याला, तो राजा का असेना, मी बोल लावणार नाही. घरी जाऊन मी आबांना विहिरीची खोली सांगितली. आबा म्हणाले, “आपली साठ फूट. आन तळ दिसतो.”

परतायच्या आधी एक जागा राहिली होती. ब्रायटनला लंडनहून गाडीने तासभर. पहिल्या महायुद्धात तिथला राजवाडा हिंदी सैनिकांचं रुग्णालय झाला होता. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हजारो तिथे आले. जे वाचले नाहीत त्यांतल्या हिंदू आणि शीख सैनिकांना गावाबाहेर, पॅचमच्या वर, टेकडीवर अग्नी दिला. मुसलमान सैनिकांना वोकिंगजवळ दफन केलं. दहनाच्या त्या जागी आज छत्री आहे, नावही ‘छत्री’च. पांढऱ्या संगमरवराचा घुमट, आठ खांब. तिचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुरचनाकार ई. सी. हेन्रिकेस यांचा. १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं अनावरण झालं.

गाडीरस्ता तिथवर नाही. नकाशात बघितलं तर टेकडीवर एक छोटी खूण आणि तिच्याकडे जाणारी हिरवी तुटक रेघ, लांब तुकड्यांची. मी पॅचमकडून चढले. ऑगस्टचा शेवट होता, गहू कापून धसकटं उरली होती. मेंढ्या वाटेवरच बसल्या होत्या, मी जवळ गेल्यावर एकेक उठल्या. वर वारा इतका की डोळ्यांत पाणी आलं. छत्रीच्या पायऱ्यांखाली ग्रॅनाइटच्या तीन लाद्या आहेत, चितेचे ओटे त्यांच्याखाली. बाजूच्या भिंतीवर ५३ नावं, २०१० मध्ये कोरलेली. तोवर ती तिथे नव्हती. मी सगळी नावं मोठ्याने वाचली. काहींचे उच्चार मला नीट आले नाहीत, ते दोनदा वाचले. मग डबा उघडला, चपातीचा पहिला तुकडा कठड्यावर ठेवला आणि पायऱ्यांवर बसून जेवले. खाली दूरवर समुद्र दिसत होता.

सप्टेंबरात गावी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा विहिरीवर निघाले तशी मीही निघाले. पाणंदीच्या तोंडाशी बाभळीची फांदी आडवी वाढली होती. आबांनी खिशातून कोयती काढून ती छाटली. पुढे दोन्ही बाजूंना बाजरी, कणसं दाण्यावर आलेली. मध्ये एका गाडीपुरती वाट, मुरूम पडलेला नाही, पण गवत दबलेलं आणि पावलांनी पांढरी झालेली पट्टी स्पष्ट. विहिरीवरची मोटर तर महिन्यापूर्वीच जळाली होती, हे मला आईने सांगितलं होतं. मी विचारलं, “मग रोज काय करायला जाता, आबा?”

“काय न्हाई,” आबा म्हणाले. “जाऊन येतो.”